दरमहा खोका, घरी सुतारकाम

सुतारकामाचा छंद असणाऱ्यांकडून वर्गणी घेऊन दरमहा कापलेले लाकूड, हत्यार व कृतीचा कागद घरपोच पाठविण्याचा व्यवसाय आता रूढ होत आहे. सोप्या वस्तूकडून अवघड वस्तूकडे नेण्याची ही रीत जुनीच. स्वीडनमधील नेस येथे ओट्टो सालोमन यांनी १८७० च्या दशकापासून शिक्षकांना असेच सुतारकाम शिकविले.

आपल्या कारागिरांनाही हे जमण्यासारखे आहे, असे आम्हांस वाटते. प्रथम गुण्या व करवत, मग रंधा, शेवटी पटाशी व सांधा, असा क्रम ठेवावा. हत्यारे एकदाच द्यावयाची असल्याने पुढील खोके स्वस्त पडतात.

खरी मेख लाकडाच्या ओलीत आहे. वाळताना लाकूड लांबीत फारसे आटत नाही, रुंदीत आटते. ओली फळी गिऱ्हाइकाच्या घरी वाकते, सांधा उघडतो आणि नवशिका स्वतःच्या हाताला दोष देऊन छंद सोडतो. म्हणून फळी तोलून ठेवावी, आठवड्याने पुन्हा तोलावी. वजन घटले तर ती अजून ओली समजावी व पाठवू नये. वर्गणी आगाऊ घेतलेली असते. तेथे माल चोख देणे हीच धंद्याची पत.