मंत्रिपदावाचून झिजलेले खासदार : स्टॅन्ली नोल्स

मंत्रिपद नसेल तर जनतेची कामे कशी होणार, असे पुढारी हमखास विचारतात. कॅनडाचे स्टॅन्ली नोल्स अडतीस वर्षे खासदार होते, मंत्री एकदाही झाले नाहीत. तरी तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या पेन्शनशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. म्हणून वाचकांस त्यांची ओळख करून द्यावी, असे आम्हांस वाटते.

नोल्स यांचा जन्म १९०८ चा. ते आधी छापखान्यातले कामगार होते, पुढे चर्चचे धर्मोपदेशक झाले. विनिपेग शहरातील कष्टकऱ्यांचे खासदार वुड्सवर्थ वारल्यावर, १९४२ च्या पोटनिवडणुकीत नोल्स त्यांच्या जागी निवडून आले. पक्ष समाजवादी विचाराचा, सीसीएफ.

वुड्सवर्थ यांनी १९२६ साली अल्पमतातल्या सरकारला पाठिंब्याच्या बदल्यात वृद्धांसाठी पेन्शन मागितली होती. १९२७ मध्ये कायदा झाला. पण पेन्शन महिना फार तर वीस डॉलर, वय सत्तर, आणि आधी गरिबी सिद्ध करायची! हयातभर राबलेल्या माणसाने आपली गरिबी का दाखवत फिरावे? पेन्शन हा हक्क आहे, हे नोल्स सभागृहात वर्षानुवर्षे मांडत राहिले. १९५२ पासून सत्तरीवरील सर्वांना चाळीस डॉलर मिळू लागले, गरिबीची अट गेली. १९७० पर्यंत वय पासष्टवर आले. हे श्रेय एकट्या नोल्स यांचे नव्हे. पण मागणी थंड पडू दिली नाही ती त्यांनी.

त्यांचे हत्यार म्हणजे सभागृहाची नियमावली. १९५६ साली गॅसवाहिनीचे विधेयक सरकारने चर्चा आवळून रेटले, तेव्हा नियमांवर बोट ठेवून त्यांनी झुंज दिली. १९५७ मध्ये नव्या पंतप्रधानांनी सभापतिपद देऊ केले, ते त्यांनी नाकारले. १९५८ च्या लाटेत ते स्वतः पडले. मात्र घरी बसले नाहीत. कामगार संघटनेत जाऊन १९६१ साली न्यू डेमोक्रॅटिक पार्टी उभी करण्यास हातभार लावला आणि १९६२ मध्ये पुन्हा निवडून आले.

१९८४ साली ते निवृत्त झाले, तेव्हा सभागृहातील अधिकाऱ्यांच्या टेबलाशी त्यांना तहहयात मानाची जागा मिळाली. पुढाकार होता विरोधी पक्षाचे पंतप्रधान ट्रूडो यांचा. १९९७ मध्ये नोल्स वारले.

खुर्ची नसल्याची सबब सांगणाऱ्या प्रत्येकाने हा माणूस एकदा अभ्यासावा, एवढेच आमचे सांगणे.