चित्रण बिघडले, दोष शोधावा कोठे?

‘छाट’ हा शब्द ठाऊक नाही असा माणूस भंडारा जिल्ह्यात विरळाच. बाई विड्या वळून मोजणीस नेते आणि मोजणारा त्यांतल्या काही बाजूस सारून म्हणतो, या वाईट वळल्या. पुष्कळदा वाईट असतो तो तिला दिलेला तेंदूपत्ता. परंतु मोजणीच्या पाटीपाशी पत्त्याचा हिशेब कोणी विचारीत नाही. वस्तू ज्या हातातून शेवटी आली त्याच हाताची मजुरी कापली जाते. या छाटीच्या तक्रारी चालविण्यात आमची उमर गेली. तेव्हा यंदा लाखांदुरात आम्ही संगणकावरील चित्रसंपादनावर बोलणार असे कळताच काही मित्र हसले, यात नवल नाही. पण विषय आमच्याकडे चालत आला. आम्ही त्याच्याकडे गेलो नाही.

झाले ते असे. आमच्या तालुक्यातला एक तरुण लग्नांचे आणि मंडईतल्या नाटकांचे चित्रण करतो. एका लग्नाचे काम त्याचे अंगाशी आले. वधूपित्याने उरलेले पैसे देण्यास नकार दिला, आणि नकारामागे दुःखही होते. हळदीच्या रात्री वधूच्या आजोबांनी दोन शब्द बोलून आशीर्वाद दिला होता, आणि पुढे महिन्याभरात ते वारले. तेवढाच भाग उघडत नव्हता. “काकाजी, मी काहीच नाही केलो जी, सॉफ्टवेअरच बिघडलं,” असे म्हणत तो आमच्या कचेरीत आला. शहरातल्या एका दुकानदाराने त्याला विंडोज पुसून नव्याने घालण्याचा सल्ला दिला होता. आम्ही म्हटले, थांब. चौकशी होण्याआधीच पुरावा जाळावयाचा नसतो.

आमचे शालेय शिक्षण सातवीस संपले. इंग्रजी माहितीपत्रके आम्ही शब्दकोश मांडीवर घेऊन वाचतो. पण दोष शोधण्याची रीत धंद्याधंद्यात निराळी नसते. तीच फाईल दुसऱ्या एखाद्या कार्यक्रमात, समजा व्हीएलसीमध्ये, उघडते काय? दुसऱ्या संगणकावर उघडते काय? आणि दुसरी एखादी धडधाकट फाईल याच कार्यक्रमात चालते काय? एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तीन बदलल्या आणि काम चालू झाले, तर कशामुळे चालू झाले ते ब्रह्मदेवालाही सांगता यावयाचे नाही.

त्याच्या संगणकावर गाऱ्हाणी एक नव्हे, तीन निघाली, आणि तिन्हींचे उगम तीन ठिकाणी.

पहिले गाऱ्हाणे असे, की संपादनाचा कार्यक्रम उघडताच चित्राच्या जागी लाल पडदा आणि ‘मीडिया ऑफलाइन’ अशी पाटी. पोराला वाटले, सारे चित्रण पुसले गेले. वास्तविक प्रीमियर काय किंवा दाविंची रिझॉल्व्ह काय, या कार्यक्रमांच्या कामाच्या फाईलीत चित्रण साठविलेलेच नसते. तेथे असतो केवळ त्याचा पत्ता. विंडोज बाहेरून लावलेल्या डिस्कला एक अक्षर देते. त्याची डिस्क काल ‘ई’ होती. आज आधी पेनड्राइव्ह लावला, त्याने ‘ई’ घेतले आणि डिस्क ‘एफ’ झाली. घरमालक घरीच आहे, पत्र मात्र जुन्या पत्त्यावर चालले आहे! विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्या डिस्कला वर्णमालेतले शेवटाकडचे एखादे अक्षर कायमचे नेमून दिले, आणि ते गाऱ्हाणे मिटले. जाता जाता त्याच्या फोल्डरांकडेही आमचे लक्ष गेले. ‘लग्न फायनल’, त्यात ‘खरे फायनल’, त्यात आणखी तिसरे. विंडोजच्या जुन्या नियमाने संपूर्ण पत्ता साधारण २६० अक्षरांच्या आत बसावा लागतो, आणि अनेक कार्यक्रम अद्याप तोच नियम पाळतात. नावे लहान ठेवावीत.

दुसरे गाऱ्हाणे छायाचित्रांचे होते. नव्या कॅमेऱ्याने काढलेल्या ‘रॉ’ फाईली त्याच्या जुन्या फोटोशॉपमध्ये उघडत नव्हत्या. येथे थोडे थांबले पाहिजे, कारण रॉ म्हणजे काय हे समजल्यावाचून पुढचे कळणार नाही. कॅमेऱ्याच्या चकतीवर प्रकाश टिपणारे कोट्यवधी ठिपके असतात. त्यांतला प्रत्येक ठिपका एकाच रंगाचा प्रकाश मोजतो: निम्मे हिरवा, पाव लाल, पाव निळा. ही मांडणी कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांची; तिचे पेटंट १९७६ सालचे. या कच्च्या मोजमापांचा संग्रह म्हणजे रॉ. चौदा बिटांच्या रॉ फाईलीत प्रत्येक ठिपक्याला अंधारापासून उजेडापर्यंत १६,३८४ पायऱ्या मिळतात. नेहमीच्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६. आम्हां धानपट्ट्यातल्या लोकांना हे सांगणे सोपे आहे. रॉ म्हणजे धान, जेपेग म्हणजे कॅमेऱ्याने शिजवून वाढलेला भात. हॅलोजनच्या उजेडात पिवळी पडलेली नवरी रॉमधून पुष्कळशी मूळ रंगावर आणता येते. भाताचे पुन्हा धान होत नाही.

अडचण ही, की प्रत्येक कंपनीचे धान निराळ्या पोत्यात. कॅननचे सीआरटू आणि सीआरथ्री, निकॉनचे एनईएफ, सोनीचे एआरडब्ल्यू. शिवाय नवा कॅमेरा आला की पोत्याची शिवण बदलते. कंपन्या ही शिवण खुली करून सांगत नाहीत, हे आम्हांस मुळीच पसंत नाही. डेव्ह कॉफिन या गृहस्थाने १९९७ पासून ‘डीसीरॉ’ हा कार्यक्रम लिहून एकेका कॅमेऱ्याची शिवण उसवून दाखविली आणि तो सर्वांस मोफत दिला. पुढच्या अनेक कार्यक्रमांनी त्याचा आधार घेतला. तेव्हा रॉ उघडत नसेल तर फाईल खराब झाली असे धरू नये. कॅमेरा नवा आणि कार्यक्रम जुना, हे पहिले कारण. नावाचे शेपूट बदलून काही साधत नाही. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टचा मोफत रॉ इमेज एक्स्टेन्शन घातला, तर पुष्कळ कॅमेऱ्यांची चित्रे फोल्डरात दिसू लागतात. पण त्यामुळे जुना फोटोशॉप शहाणा होत नाही. त्याला अद्ययावत करावे, आणि खिसा तितका खोल नसेल तर ॲडोबीच्याच मोफत डीएनजी कन्व्हर्टरने त्या फाईलींच्या डीएनजी प्रती कराव्यात. हा सामाईक साचा २००४ सालचा. जुने कार्यक्रमही तो बहुधा ओळखतात. मूळ फाईली मात्र जपून ठेवाव्यात. आमच्या पोराचे काम येथेच भागले.

बैठकीची बातमी पसरली आणि आणखी दोघेतिघे आपापली यंत्रे घेऊन आले. एकाचे चित्रण अडखळत चाले. तो नवे ग्राफिक कार्ड घेण्यासाठी कर्ज काढण्याच्या बेतात होता. आम्ही कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडावयास लावला, तर डिस्क शंभर टक्के गुंतलेली आणि सी ड्राइव्हवर जागा जवळजवळ नाहीच. तात्पुरत्या फाईलींचा ढीग दुसरीकडे हलविताच निम्मी अडखळ गेली. उरलेली निम्मी एचईव्हीसी या पद्धतीची. आमच्या हजेरीपटावरून ती समजते. पहिल्या दिवशी साऱ्यांची नावे लिहावयाची, नंतर रोज फक्त कोण आला, कोण गेला एवढेच. कागद वाचतो, पण पंधराव्या दिवशी कोण हजर होते हे सांगावयाचे तर मागून सारे जुळवीत यावे लागते. संगणकाला हे दर सेकंदाला अनेकदा करावे लागते. यावर तोड म्हणजे प्रॉक्सी: संपादनापुरती हलकी प्रत करावी, आणि अखेरची चित्रफीत मूळ फाईलीवरून काढावी. कर्ज टळले.

दुसऱ्याने वडशाच्या कंपनीचे रात्रभराचे झाडीपट्टी नाटक कॅमेऱ्यावर आणि जोडीला मोबाइलवर टिपले होते. मोबाइलच्या चित्रणात पहाटेपर्यंत ओठ आणि शब्द यांची फारकत झालेली. अंधार वाढला की मोबाइल सेकंदाची चित्रे कमी करतो, आणि संपादनाचा कार्यक्रम कधी कधी ती समान धरून चालतो. हँडब्रेक या मोफत कार्यक्रमाने ती आधी एकसारखी करून घ्यावी लागतात. कॅमेऱ्याच्या कार्डावर नाटकाचे तुकडे पडले होते, कारण लहान कार्डाच्या फॅट३२ रचनेत एक फाईल चार जीबीपुढे जाऊच शकत नाही. त्याने वेचून तेवढे तुकडे नेले आणि मधला राहिला. कार्डावरचे सारे फोल्डर आहेत तसेच उतरवावे.

आता तिसरे गाऱ्हाणे, आजोबांचे. ती फाईल आकाराने भरभक्कम होती, पण व्हीएलसीत उघडेना, दुसऱ्या संगणकावरही उघडेना. म्हणजे संपादनाचा कार्यक्रम निर्दोष. खोदून विचारले तेव्हा कळले, की चित्रण चालू असतानाच बॅटरी संपली होती. एमपीफोर फाईलीत कोणते चित्र कोठे आहे याची अनुक्रमणिका बहुधा चित्रण थांबविताना अखेरीस लिहिली जाते. ती लिहिण्यापूर्वीच कॅमेरा विझला. पुस्तक आहे, पाने सुटी आहेत, आणि पानांवर आकडे नाहीत.

पोराचे नशीब एवढेच, की त्याने त्या कार्डावर पुन्हा चित्रण केले नव्हते. आम्ही प्रथम त्या फाईलीची प्रत काढली आणि मूळ कार्ड लिफाफ्यात घालून कपाटात ठेवले. काही कॅमेरे अर्धवट फाईल कार्ड परत घालताच स्वतः दुरुस्त करतात. त्याच्या कॅमेऱ्याने तसे केले नाही. मग त्याच कॅमेऱ्यावर, त्याच मांडणीत, एक मिनिटाचे धडधाकट चित्रण करून घेतले. अनट्रंक नावाचा मोफत कार्यक्रम अशी चांगली फाईल नमुन्यादाखल पाहून मोडक्या फाईलीची अनुक्रमणिका पुन्हा रचतो. पहिल्या वेळी आवाज आला, चित्र नाही. नमुना सेकंदाला पंचवीस चित्रांचा घेतला होता. हळदीचे चित्रण पन्नासचे होते. नमुना बदलला.

आजोबा दिसले. शेवटचे काही क्षण गेले, पण बोलणे पूर्ण होते. वधूपिता ते आमच्या कचेरीतल्या बाकावर बसून दोनदा पाहून गेले, आणि चार दिवसांनी उरलेले पैसे पोराच्या घरी पोचते केले. पोराने त्यांतून आधी दुसरी बॅटरी घेतली.