वर्गातील दिव्यांग मूल आणि उपचारतज्ज्ञ

दिव्यांग मूल शाळेत दाखल झाले म्हणजे शरीराचा भाग डॉक्टरांकडे आणि शिक्षणाचा भाग आपल्याकडे, अशी वाटणी शिक्षकांच्या मनात सहज होते. ही वाटणी अपुरी आहे. निदान, औषध व शस्त्रक्रिया हे डॉक्टरांचे कार्य. परंतु असलेल्या शक्तीनिशी मुलाला बसता, चालता, बोलता व लिहिता यावे यासाठी झटणारा वर्ग निराळा आहे. भौतिकोपचारतज्ज्ञ, व्यवसायोपचारतज्ज्ञ, वाचा व श्रवणतज्ज्ञ आणि कृत्रिम अवयव बनविणारे तंत्रज्ञ हे त्यांतील प्रमुख होत.

यांपैकी व्यवसायोपचार हे नाव पुष्कळांस चकविते. येथे व्यवसाय म्हणजे धंदा नव्हे, तर नित्याची कामे. सदऱ्याची गुंडी लावणे, घास तोंडी नेणे, पाटीवर अक्षर काढणे हे बालकाचे व्यवसाय. या विद्येची भारतातील पहिली शाळा १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात निघाली. तिच्या संस्थापिका कमला निंबकर या जन्माने अमेरिकन होत्या.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचे उदाहरण घेऊ. मेंदूस इजा झाल्यामुळे त्याचा स्नायूंवरील ताबा कमी असतो. बुद्धी मात्र अनेकदा शाबूत असते. असे मूल उंच बाकावर बसविले व पाय लोंबकळत राहिले, तर त्याची सारी शक्ती तोल सांभाळण्यात खर्ची पडते. हात बाकाची कड धरून ठेवतो आणि लेखन राहून जाते. शिक्षक त्यास मंद समजतात. तज्ज्ञ प्रथम पायांखाली फळी ठेवतो, कंबर व गुडघे काटकोनात आणतो, मेज कोपराच्या उंचीस लावतो. पेन्सिलीभोवती सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली की पकड सुधारते. खर्च जवळजवळ नाहीच! मात्र प्रत्येक मुलाचे माप वेगळे. म्हणून एकासाठी सांगितलेला उपाय दुसऱ्यास लावू नये.

तज्ज्ञाच्या सहवासात मूल क्वचित अर्धा तास असते, शिक्षकाच्या सहवासात रोज चार-पाच तास. सुचविलेली बैठक वर्गात पाळली गेली नाही, तर उपचार फळत नाही. श्रवणयंत्राचेही तसेच. मूल वाढते तसा यंत्राचा कानातील साचा सैल होतो, यंत्र शिट्टी देऊ लागते आणि मूल ते काढून दप्तरात टाकते. शिट्टी ऐकू येताच पालकांस कळवावे. मधल्या सुटीत खिचडी खाताना एखाद्या मुलास वारंवार ठसका लागत असेल, तर तेही वाचातज्ज्ञाच्या कक्षेतील आहे. गिळण्याच्या क्रियेची तपासणी तोच करतो. हे फार थोड्यांना ठाऊक असते.

तज्ज्ञ कोठे भेटतात? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याचे पथक शाळेत तपासणीस येते आणि गरजू मुलांस जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविते. पथक येईल त्या दिवशी शंका असलेली मुले हजर राहतील, असे पाहावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ६ ते १८ वयाच्या, ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलास जवळच्या किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे.

तज्ज्ञाकडून बैठक, साधन व व्यायाम यांविषयी लेखी टिपण मागून घ्यावे आणि वर्ग बदलताच ते पुढील शिक्षकांच्या हाती द्यावे.