बाटलीसोबतचा कागद

कीटकनाशकाची बाटली खोक्यातून काढली की तिच्यासोबत घडी घातलेला एक कागद बाहेर येतो. पातळ, दोन्ही बाजूंनी छापलेला, अक्षरं इतकी बारीक की चाळिशी ओलांडलेल्या माणसाला चष्म्याशिवाय वाचता येऊ नयेत. यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडे ऑगस्ट-सप्टेंबरात पऱ्हाटी फुलापात्यावर आलेली असते, तेव्हा बांधाबांधावर असे कागद पडलेले दिसतात. बहुतेकांची घडीसुद्धा मोडलेली नसते.

औषध कोणत्या पिकावर आणि कोणत्या किडीसाठी, हेक्टरी मात्रा किती, पाणी किती, शेवटच्या फवारणीनंतर किती दिवसांनी माल काढायचा, विषबाधा झाली तर लक्षणं कोणती, पहिल्यांदा काय करायचं, डॉक्टरांनी कोणता उतारा द्यायचा, रिकाम्या बाटलीची विल्हेवाट कशी लावायची, हे सगळं त्या कागदावर असतं. १९६८चा कीटकनाशक कायदा आणि १९७१चे नियम यांनी ते छापणं बंधनकारक केलं आहे. इंग्रजी-हिंदीच्या जोडीला प्रादेशिक भाषेतही. म्हणजे जिवाला जपण्याचा पहिला सल्ला शोधायला कुठे जावं लागत नाही. तो पैसे मोजून घेतलेल्या खोक्यातच असतो. तरीही ज्याच्या पाठीवर पंप असतो त्याच्यापर्यंत तो पोचत नाही.

याचं कारण फवारणीचा दिवस सुरू होण्याआधीच घडून गेलेलं असतं. औषध आणायला शेतमालक तालुक्याच्या कृषी केंद्रात जातो. मावा आहे की तुडतुडे, पांढरी माशी आहे की बोंडअळी, हे काउंटरवर दोन वाक्यांत सांगितलं जातं. दुकानदार दोन-तीन बाटल्या पुढे करतो, सोबत एखादं टॉनिक, आणि मात्रा तोंडी सांगतो: पंपाला एवढी टोपणं. दुसऱ्या दिवशी बाटल्या शेतात पोचतात त्या बऱ्याचदा खोक्याविना. फवारणारा बहुतेकदा रोजंदारीचा मजूर किंवा सालदार असतो. त्याने दुकान पाहिलेलं नसतं, दुकानदाराचं बोलणं ऐकलेलं नसतं आणि कागद तर नाहीच नाही. त्याला मिळते बाटली, बादली आणि टोपणांचा आकडा.

सर्वांत धोक्याचा क्षण फवारणीचा वाटतो, पण त्याआधीचा औषध कालवण्याचा क्षण जास्त जोखमीचा. बाटलीतलं औषध तेव्हा पाणी न मिसळलेलं, पूर्ण तीव्रतेचं असतं. बूच दाताने उघडणं, उघड्या हाताने बादली ढवळणं, दोन औषधं एकाच टोपणाने मोजणं हे सर्रास चालतं. मात्रेचा घोळही इथेच होतो. कागदावर हिशेब हेक्टरचा, शेतात बोलणं एकराचं आणि प्रत्यक्ष काम पंपाचं. हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर. कागदावर हेक्टरी ५०० मिली औषध आणि ५०० लिटर पाणी लिहिलं असेल, तर एकराला २०० मिली लागतं आणि १५ लिटरच्या हातपंपाला १५ मिली. एवढं गणित बांधावर कुणी एकाने मोठ्याने केलं तरी निम्मा गोंधळ मिटतो. पेट्रोलवर चालणाऱ्या पंपाला पाणी कमी लागतं, त्याचा हिशेब वेगळा. तो गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारूनच करावा.

मग पंप पाठीवर चढतो. टाकीचं झाकण नीट बसलेलं नसेल तर प्रत्येक पावलागणिक थोडं पाणी पाठीवर सांडतं. सदरा ओला होतो, आणि घामाने की औषधाने हे फवारणाऱ्यालाही सांगता येत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल हे त्याचं एकमेव संरक्षण. पण ऑर्गनोफॉस्फेट गटातली औषधं कातडीतूनही शरीरात जातात, आणि रुमाल ओला झाला की तोच औषध नाकातोंडाशी धरून ठेवतो. नोझल तुंबलं की ते तोंडाने फुंकलं जातं. मधल्या सुट्टीत खर्रा मळला जातो, त्याच हातांनी. फवारणाऱ्याला निष्काळजी म्हणणं सोपं आहे आणि अन्यायाचं आहे. हातमोजे कुणी दिले नाहीत, शेतात साबण नाही, हात धुवायला वेगळं पाणी नाही, आणि दिवस भरला तरच रोजी मिळणार आहे.

या सगळ्याची किंमत २०१७ साली महाराष्ट्राने पाहिली. जुलैपासून पुढच्या काही महिन्यांत एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं दगावली आणि शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. कपाशी त्या वर्षी बऱ्याच ठिकाणी माणसाच्या उंचीची झाली होती. कमरेच्या पिकावर फवारताना तुषार खाली पडतात. डोक्याएवढ्या पिकात नळी वर धरावी लागते आणि तेच तुषार तोंडावर, डोळ्यांत, अंगावर उतरतात. त्यातच औषधं एकमेकांत मिसळली जात होती. राज्य सरकारने चौकशीसाठी विशेष पथक नेमलं. मेलेल्यांत मजुरांची संख्या मोठी होती, आणि ही गोष्ट विसरता कामा नये.

अक्षरओळख नसलेल्या माणसासाठीही बाटलीवर एक सोय केलेली आहे, आणि ती प्रत्येकाला शिकवायला पाच मिनिटं पुरतात. लेबलावर कोनावर उभा असलेला चौकोन असतो, दोन त्रिकोणांत विभागलेला. खालच्या त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता सांगतो. लाल म्हणजे अतितीव्र, वर कवटी आणि हाडं. पिवळा त्याखालोखाल, मग निळा, शेवटी हिरवा. मोनोक्रोटोफॉसची बाटली लाल त्रिकोणाची असायची. भाजीपाल्यावर ते वापरायला २००५पासून बंदी आहे. हिरवा त्रिकोण पाहून मात्र कुणी निर्धास्त होऊ नये. तेही विषच असतं, फक्त कमी तीव्र.

लक्षणं कागदावर असतात, पण ती आधी माहीत असायला हवीत. ऑर्गनोफॉस्फेट शरीरात गेलं की नसांचे संदेश थांबवणारं एक विकर निकामी होतं आणि संदेश चालूच राहतात. लाळ सुटते, घाम फुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होऊन धूसर दिसू लागतं, मळमळ होते, स्नायू फडफडतात, शेवटी श्वास अडखळतो. सुरुवातीची लक्षणं उन्हाने आलेल्या थकव्यासारखीच असतात. म्हणून माणूस घरी येऊन आडवा होतो, लिंबूपाणी पितो आणि मोलाचे तास निघून जातात. फवारणीच्या दिवशी चक्कर किंवा मळमळ आली तर ती विषबाधाच समजायची. फवारणी तिथेच थांबवायची, कपडे उतरवायचे, साबणाने आणि भरपूर पाण्याने अंग धुवायचं, डोळ्यांत गेलं असेल तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाणी घालत राहायचं आणि दवाखाना गाठायचा. दूध, मिठाचं पाणी, ओकारी काढणं असले घरचे उपाय करायचे नाहीत.

आणि दवाखान्यात जाताना बाटली किंवा तो कागद बरोबर न्यायचा. ऑर्गनोफॉस्फेटवर अ‍ॅट्रोपिन हा उतारा आहे. दुसऱ्या गटातल्या औषधाला तो लागू पडेलच असं नाही. ‘कपाशीचं औषध होतं’ एवढ्यावरून डॉक्टरला काही ठरवता येत नाही, घटकाचं नाव लागतं. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र चोवीस तास सुरू असतं आणि तिथे डॉक्टरच नव्हे, कुणीही फोन करून विचारू शकतं.

घरही या साखळीत येतं. फवारणीचे कपडे संध्याकाळी बायकोच्या हातात जातात, घरातल्या बाकी कपड्यांत मिसळतात. ते वेगळ्या बादलीत, वेगळे धुवायला हवेत. उरलेलं औषध फळीवर, धान्याच्या शेजारी ठेवलं जातं. ते कुलपात हवं, मूळ बाटलीतच हवं. शीतपेयाच्या बाटलीत ओतून ठेवलेलं औषध मूल सरबत समजून पितं. रिकामी बाटली धुऊन तेल-रॉकेलला वापरायची नसते. नियमांप्रमाणे ती फोडून वस्तीपासून दूर पुरायची असते.

मजुराला संरक्षक कपडे पुरवणं आणि त्याला या कामाचं प्रशिक्षण देणं १९७१च्या नियमांतच सांगितलं आहे. फवारणीच्या कामावरच्या माणसांची वैद्यकीय तपासणीही त्यातच आहे. गावात हे किती घडतं, ते कोणत्याही बांधावर उभं राहून दिसतं. सरकारी यंत्रणेने ते करवून घ्यायला हवं, पण हंगाम तिची वाट पाहत नाही. त्यामुळे शेतमालकांना एक विनंती आहे. औषध घेताना दुकानातच खोकं उघडा, कागद बाहेर काढा आणि मात्रा दुकानदाराकडून त्यावरून वाचून घ्या. शंका आली तर किसान कॉल सेंटर सकाळी ६ ते रात्री १० मराठीत बोलतं. कृषी विज्ञान केंद्र आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची माणसंही मार्गदर्शन करतात. शेतात पोचल्यावर पहिला पंप भरण्याआधी तो कागद फवारणाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवा, हातमोजे आणि साबण द्या, आणि पंपाच्या टाकीवर न पुसल्या जाणाऱ्या रंगाने हे तीन क्रमांक लिहून ठेवा: रुग्णवाहिका १०८, विष माहिती केंद्र १८००-११६-११७, किसान कॉल सेंटर १८००-१८०-१५५१.