मीटरवरचा लाल दिवा आणि रोजचे २५० कोटी प्रश्न

घरातल्या विजेच्या मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. बिल आलं की आपण युनिटचा आकडा बघतो, त्या दिव्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. मीटरच्या पाटीवर बारीक अक्षरात एक संख्या छापलेली असते. आपल्याकडच्या बऱ्याच सिंगल फेज मीटरवर ती ३२०० असते. एक युनिट वीज खर्च झाली की दिवा ३२०० वेळा लुकलुकतो, असा तिचा अर्थ. म्हणजे दिवा एकदा लुकलुकला की ०.३१२५ वॉट-तास वीज गेली.

आता दुसरा आकडा. जून २०२५ मध्ये ओपनएआयचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी लिहिलं की चॅटजीपीटीला विचारलेल्या सरासरी प्रश्नामागे ०.३४ वॉट-तास वीज लागते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गूगलने जेमिनीच्या लेखी प्रश्नांचा मध्यक जाहीर केला, ०.२४ वॉट-तास. दोन्ही आकडे कंपन्यांनी स्वतःच दिलेले आहेत आणि दोन्ही त्या लाल दिव्याच्या मापाला जवळपास जुळतात. एक साधा प्रश्न विचारला की दिवा एकदा लुकलुकला, असं धरून चालायला हरकत नाही.

एआयचा रोजचा वापर डोळ्यांना दिसेल अशी एखादी घरगुती वस्तू बनवायची, तर तिचं माप असं आपल्या दाराशीच टांगलेलं आहे. आपण विचारलेल्या प्रश्नाची वीज दूरच्या डेटा सेंटरमध्ये जळते, आपल्या मीटरवर तिची नोंदही होत नाही. म्हणून भिंतीवर आणखी एक दिवा हवा. मीटरसारखाच लाल, ०.३१२५ वॉट-तासाला एकदा लुकलुकणारा, पण फक्त आपल्या एआयच्या वापरासाठी.

आधी घरातली बाकीची कामं याच मापाने मोजू. नऊ वॉटचा एलईडी बल्ब एकटाच चालू असेल, तर मीटरचा दिवा साधारण दोन मिनिटांनी एकदा लुकलुकतो. ७५ वॉटचा पंखा फिरत असेल तर दर १५ सेकंदांनी. दोन किलोवॉटचा गिझर लावला की सेकंदाला जवळजवळ दोनदा, पाव तासात १६०० वेळा. पाव तास चाललेल्या गिझरच्या विजेत दीड ते दोन हजार लेखी प्रश्न बसतात. दिवसाला वीस प्रश्न विचारणाऱ्याला तेवढे प्रश्न संपवायला अडीच ते साडेतीन महिने लागतील.

हे वाचून कुणालाही हायसं वाटेल, पण प्रश्न-प्रश्नात फार अंतर असतं. ‘एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू’ने मे २०२५ मध्ये खुल्या मॉडेलांची मोजमापं प्रसिद्ध केली. मेटाच्या लामा ३.१ या मालिकेतल्या लहान, ८ अब्ज पॅरामीटरच्या मॉडेलला एका उत्तरासाठी सुमारे ११४ ज्यूल ऊर्जा लागली. त्याच मालिकेतल्या ४०५ अब्ज पॅरामीटरच्या मॉडेलला ६,७०६ ज्यूल. ०.३१२५ वॉट-तास म्हणजे १,१२५ ज्यूल, आपला दिवा तेवढ्याला एकदा लुकलुकतो. लहान मॉडेलची दहा उत्तरं झाली की तो एकदा पेटेल, मोठ्याच्या एकाच उत्तराला सहा वेळा. विचारणाऱ्याला समोर दिसतो तो दोन्ही वेळी एक परिच्छेदच.

याच पाहणीत पाच सेकंदांच्या एका व्हिडिओला सुमारे ३४ लाख ज्यूल लागले होते. दिवा तीन हजार वेळा लुकलुकेल एवढी ही वीज आहे. दोन किलोवॉटच्या गिझरच्या भाषेत सांगायचं तर जवळपास अर्धा तास. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर सणाच्या शुभेच्छा म्हणून असा एक व्हिडिओ बनवून पाठवला, तर तो काही महिन्यांच्या साध्या प्रश्नांना पुरून उरतो.

भाषेचाही यात हिशेब आहे. मॉडेल मजकुराचे तुकडे करून वाचतं आणि लिहितं. या तुकड्यांना टोकन म्हणतात. टोकन जितकी जास्त, तितकं काम जास्त. संगणकाच्या यूटीएफ-८ पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीत प्रत्येक अक्षराला तीन आणि काना-वेलांटीलाही वेगळे तीन. मे २०२४ मध्ये ओपनएआयने जीपीटी-४ओ आणलं, तेव्हा एकच मजकूर वेगवेगळ्या भाषांत घालून तुलना दाखवली होती. जुन्या पद्धतीत इंग्रजीला २७ टोकन लागत होती, मराठीला ९६. नव्या पद्धतीत इंग्रजीला २४, मराठीला ३३. जे काम इंग्रजीत साडेतीन पटींनी कमी टोकनांत होत होतं, तिथला फरक एका सुधारणेने जवळपास दीड पटीच्या आत आला. आपल्या भाषेत विचारण्याची किंमत यंत्र घडवणाऱ्यांच्या हातात आहे, हे यातून स्पष्ट दिसतं.

आता घराबाहेर पडू. जुलै २०२५ मध्ये ओपनएआयने सांगितलं की चॅटजीपीटीला रोज २५० कोटींहून जास्त प्रॉम्प्ट, म्हणजे प्रश्न, येतात. भिंतीवरचा दिवा सेकंदाला एकदा लुकलुकवत ठेवला, तर या एका दिवसाचे प्रश्न दाखवून व्हायला ७९ वर्षं लागतील. आज जन्मलेलं मूल म्हातारं होईल, तेव्हा कुठे त्या एका दिवसाचा हिशेब पुरा होईल. आणि प्रश्न येतात त्याच वेगाने दिवा चालवला, तर तो सेकंदाला जवळजवळ २९ हजार वेळा लुकलुकायला हवा. सेकंदाला साठेक वेळांच्या पुढे गेलेली लुकलुक माणसाच्या डोळ्याला कळतच नाही. दिसेल तो फक्त एक स्थिर लाल ठिपका.

ऑल्टमन यांचाच आकडा धरला, तर एका दिवसाच्या या प्रश्नांना साडेआठ लाख युनिट लागतात. महिन्याला १०० युनिट जाळणाऱ्या अडीच लाख घरांचा हा रोजचा वापर. दुसऱ्या बाजूने पाहिलं, तर १,९६० मेगावॉटचा कोयना प्रकल्प पूर्ण क्षमतेने चालला की एवढी वीज २६ मिनिटांत तयार होते. दोन्ही वाक्यं खरी आहेत. भीती घालायची असेल तर पहिलं वापरता येतं, धीर द्यायचा असेल तर दुसरं. म्हणून नुसत्या आकड्यापेक्षा त्याचं माप कोणतं धरलं, हे आधी विचारायला हवं.

आणखी वर चढू. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या एप्रिल २०२५ च्या अहवालानुसार जगातल्या डेटा सेंटरनी २०२४ मध्ये सुमारे ४१,५०० कोटी युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण वापराच्या हा साधारण दीड टक्का. २०३० पर्यंत हा आकडा ९४,५०० कोटींवर जाईल, असा त्यांचा अंदाज आहे. आपल्या दिव्याच्या मापात २०२४ मध्ये सेकंदाला सव्वाचार कोटी वेळा, २०३० मध्ये साडेनऊ कोटींच्या पुढे. यात एआयबरोबर बँकांचे व्यवहार, ईमेल, चित्रपट, साठवलेले फोटो असं सगळंच येतं. चॅटजीपीटीचे रोजचे २५० कोटी प्रश्न या सगळ्याचा हजारावा भागही होत नाहीत.

मग वाढ कुठून येते? बराचसा वापर आपण न विचारताच होतो. गूगलची सगळी उत्पादनं मिळून एप्रिल २०२४ मध्ये महिन्याला ९.७ लाख कोटी टोकन हाताळत होती. वर्षभराने, मे २०२५ मध्ये कंपनीने ४८० लाख कोटींचा आकडा दिला आणि जुलैमध्ये ९८० लाख कोटींचा. सेकंदाला सुमारे ३७ कोटी टोकन झाली. साधा शोध घेतला तरी बरेचदा वर एआयचा सारांश आपोआप उमटतो. तो कुणी मागितलेला नसतो.

अदृश्य गोष्ट दिसती करण्याचे प्रयोग जुने आहेत. १९९५ च्या सुमारास कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या ‘पार्क’ या संशोधन केंद्रात नताली जेरेमिजेन्को या कलावतीने छताला एक छोटी मोटर बसवली आणि तिला आठ फुटांची प्लास्टिकची दोरी टांगली. मोटर कचेरीच्या इथरनेट केबलला जोडलेली होती. केबलमधून माहिती गेली की दोरी किंचित हलायची. नेटवर्कवर गर्दी झाली की गरगर फिरायची आणि सूं-सूं आवाज करायची. मार्गिकेच्या रिकाम्या कोपऱ्यातली ती दोरी आजूबाजूच्या खोल्यांतून दिसायची, ऐकू यायची, आणि कुणाच्या कामात आडवी यायची नाही. पुढे स्वीडनच्या इंटरॅक्टिव्ह इन्स्टिट्यूटमध्ये विजेची एक वायर तयार झाली. तिच्यातून जितकी जास्त वीज वाहील, तितकी ती जास्त उजळायची.

या दोन्ही वस्तू कुणाला रागावत नव्हत्या, जे घडतंय तेवढंच दाखवत होत्या. एआयच्या दिव्यानेही तेच करावं. साध्या प्रश्नाला एकदा लुकलुकावं, व्हिडिओ बनवला तर तीन हजार वेळा लुकलुकेपर्यंत थांबू नये, आणि न मागितलेल्या सारांशाला वेगळ्या रंगात पेटावं, म्हणजे आपण मागितलेलं किती आणि आपल्यावर लादलेलं किती हे घरातल्या प्रत्येकाला कळेल. वायफायची एक छोटी चिप आणि एक एलईडी, इतक्या सामानात हे सहज होईल. अभियांत्रिकीचा कुठलाही विद्यार्थी तो सुटीत बनवू शकेल.

अडतं ते आकड्यापाशी. प्रोग्रॅमर एपीआयमधून, म्हणजे आपल्या प्रोग्रॅममधून थेट, उत्तर मागवतात, तेव्हा किती टोकन लागली हे सोबत येतं. वीज किती लागली, हे येत नाही. सर्वसामान्य माणूस वापरतो त्या अॅपमध्ये सहसा टोकनसुद्धा दिसत नाहीत. कंपन्यांनी आजवर दिले ते एकेक सरासरीचे किंवा मध्यकाचे आकडे. सरासरीवर चालणारा दिवा मोठ्या मॉडेलच्या उत्तराला आणि व्हिडिओला सारखाच लुकलुकेल, आणि तशा दिव्याचा उपयोग नाही.

प्रत्येक उत्तरामागची वीज सांगणं अवघड नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २००६ मध्ये उपकरणांवर ताऱ्यांची पाटी लावायला सुरुवात केली, आणि आज फ्रिज घेताना माणसं दुकानदाराला विचारण्याआधी ती पाटी वाचतात. देशातल्या डेटा सेंटरच्या क्षमतेचा सर्वांत मोठा वाटा मुंबई-नवी मुंबईत आहे. ऐरोली, रबाळे, महापे इथल्या इमारतींत डेटा सेंटरची वीज जळते, तेव्हा हिशेब मागण्याचा हक्क आपल्याला सर्वांत आधी पोचतो. एआयची वर्गणी भरणाऱ्या प्रत्येक शाळेने, कचेरीने, ग्राहकाने कंपनीला एकच प्रश्न लेखी विचारावा: या उत्तराला किती वॉट-तास लागले, हे त्या उत्तराखालीच का छापत नाही?