थँक्यूच्या पुढचं वाक्य

‘युवर शर्ट इज व्हेरी नाइस,’ फळ्यावरचं वाक्य वाचून पहिल्या बाकावरच्या पोरानं शेजाऱ्याला ऐकवलं. शेजाऱ्यानं एकदा शर्टाकडे बघितलं, कॉलर ओढली आणि पुटपुटला, ‘नो नो, ओल्ड.’ शर्ट नवाकोरा होता. घडीच्या रेघासुद्धा अजून मोडल्या नव्हत्या.

नेसरी हे गडहिंग्लज तालुक्यातलं गाव. एका अंगाला चंदगड, दुसरीकडे कर्नाटकाची हद्द. कानडी येता-जाता कानावर पडते, त्यामुळे परक्या भाषेचा धाक इथल्या पोरांना फारसा नाही. राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. माझ्या संध्याकाळच्या वर्गाला गोव्यातल्या हॉटेलांत नोकरी बघणारी पोरं येतात, नर्सिंगच्या मुली येतात, पुण्याला मुलाखतीला निघालेले पदवीधर येतात. काळ, वचन, प्रश्नार्थक वाक्य, सगळं त्यांचं झालेलं असतं. घोडं अडतं ते कुणी चांगलं म्हटल्यावर.

त्याचं कारण घरच्या शिकवणीत आहे. पाहुण्यांनी आमटी नावाजली की सून म्हणते, ‘मीठ जरा कमीच पडलंय.’ म्हैस दूध किती देते विचारलं की मालक हातचं राखून सांगतो. बाळाला कुणी गोंडस म्हटलं की आजी आधी तीट जाग्यावर आहे का बघते. कौतुक उघडपणे घेतलं तर ताठा दिसतो, शिवाय दृष्टीची भीती वेगळीच. म्हणून ‘कशाचं काय!’ किंवा ‘काय तर बोलतासा!’ एवढंच म्हणायचं. ऐकणाऱ्यालाही त्याचं काही वाटत नाही, कारण हा नकार खरा नव्हे हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तो पुन्हा म्हणतो, ‘न्हाई वो, खरंच झक्कास झालीया.’ मग सून हसते आणि वाटीत आणखी एक पळी पडते. कौतुक, नकार आणि पुन्हा कौतुक असा हा तीन पावलांचा व्यवहार आहे. इंग्रजी बोलणारा पाहुणा मात्र दुसऱ्याच पावलाला थांबतो. ‘ओल्ड’ ऐकल्यावर आपलंच काही चुकलं असं त्याला वाटतं आणि बोलणं तिथंच खुंटतं.

ही कोंडी आपल्या एकट्याची नाही. अनिता पोमरँट्झ या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९७८ साली ती नेमकी मांडली. समोरच्याचं म्हणणं खोडायचं नाही, हा संभाषणाचा एक नियम. आपणच आपली स्तुती करायची नाही, हा दुसरा. कौतुक झालं की दोन्ही नियम एकमेकांच्या आड येतात. तिथली माणसंही मग वाट काढतात. कुणी मान्य करून थोडं कमी करतं, कुणी श्रेय दुसऱ्याला देतं, कुणी उलट कौतुक करतं. हे वर्गात सांगितलं की पोरांना हायसं वाटतं. म्हणजे गोरी माणसंही लाजतात! आणि या सवयी दगडावरच्या रेघा नव्हेत. चीनमधल्या शिआन शहरात रोंग चेन यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बहुतेकांनी कौतुक नाकारलं होतं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच शहराच्या दुसऱ्या पाहणीत बहुतेकांनी ते स्वीकारलं.

वर्गातला सराव साधा असतो. आधी ‘थँक्यू’ आणि त्याच्यामागे एक खरं वाक्य. वस्तू कुठून आणली, कुणी दिली, कसं शिकलो, काहीही चालेल. या वाक्यांचा आपल्याकडे तोटा नाही. ‘गडहिंग्लजला घेतली, मावशीनं पसंत केली,’ हे आपण कुणी न विचारताही सांगतोच. त्याच्या आधी ‘थँक्यू’ जोडायचं, एवढंच नवीन. पण ते जोडताना किती अवघडायला होतं, हे जवळून बघावं. ‘थँक’ ऐकू येतं, ‘यू’ गिळला जातो. नजर फरशीवर जाते. मुलींचा हात हमखास तोंडावर जातो, म्हणून मी त्यांना दोन्ही हातांत वही धरायला लावतो. नव्या पिशवीवर हात फिरवत एक मुलगी म्हणाली, ‘थँक्यू. माय सिस्टर मेड इट.’ आवाज एरवीपेक्षा बारीक होता, पण वाक्य पुरं झालं. शेजारणीनं लगेच पुढचा प्रश्न विचारला, शिलाई मशीन घरी आहे का? बोलणं पुढे सरकलं. या धड्यातून मला हवं असतं ते एवढंच.

‘पण सर, नजर लागली तर?’ मागून शंका आली. ‘तोंडानं थँक्यू म्हणायचं आणि घरी जाऊन मीठ-मिरच्या उतरायच्या,’ उत्तर एका मुलीनंच दिलं. वर्ग हसला. मी ते खोडलं नाही.

कौतुक करायला शिकवणं वरवर सोपं. जोन मेन्स आणि नेसा वुल्फसन यांनी १९८१ साली अमेरिकेतल्या ६८६ कौतुकांचा अभ्यास मांडला. त्यांतली निम्म्याहून जास्त एकाच साच्यातली निघाली: अमुक छान आहे किंवा छान दिसतंय. विशेषणंही ठरावीकच, ‘नाइस’, ‘गुड’ अशा पाच शब्दांवर दोन-तृतीयांश काम भागत होतं. म्हणजे वाक्य एका संध्याकाळी पाठ होतं. कशाचं कौतुक करायचं, हे कळायला मात्र वेळ लागतो. एकीनं जोडीदारणीला अगदी प्रेमानं सांगितलं, ‘यू बिकेम फॅट, व्हेरी गुड.’ सुट्टीहून आलेल्या पोरीला ‘तब्येत भरली बघ’ म्हणणं आपल्याकडे मायेचं. ‘केवढ्याला घेतलं?’ यातही वस्तू आवडल्याची कबुली असते. इंग्रजीत दोन्ही अंगाशी येतात. म्हणून फळ्यावर दोन रकाने पाडतो. केलेलं काम, रांधलेलं, शिकलेलं, वापरातली वस्तू एकीकडे. अंग, रंग, वजन, पगार दुसरीकडे. गोव्याला निघालेल्या पोरांना आणखी एक बजावतो. पाहुणीच्या रूपाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. तिचा मुलगा पोहायला शिकला असेल तर त्याचं खुशाल कौतुक करा.

खरी अडचण वडीलधाऱ्यांची. ‘युवर टीचिंग इज गुड म्हणायचं? आम्ही कोण ठरवणार?’ हा प्रश्न दर तुकडीत येतो आणि तो रास्त आहे. नेसरीच्या खिंडीत प्रतापराव गुजरांचं स्मारक आहे. मूळ नाव कुडतोजी. प्रतापराव हा शिवाजी महाराजांनी दिलेला किताब. महाराजांचे बोल जिव्हारी लागले आणि २४ फेब्रुवारी १६७४ रोजी ते सहा स्वारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले. शाबासकी काय आणि बोल काय, दोन्ही वरून खाली येतात, हे या गावच्या पोरांना वेगळं शिकवावं लागत नाही. म्हणून मोठ्यांच्या बाबतीत निवाडा द्यायचा नाही, आपल्याला काय मिळालं ते सांगायचं, अशी तोड मी काढली आहे. ‘सर, आय अंडरस्टूड इट टुडे.’ यात मानही राहतो आणि शिकवणाऱ्यालाही बरं वाटतं. मराठीतही हे चालतं, फक्त आपण ते म्हणत नाही.

या शिकवण्यानं पोरं आगाऊ होतील, असं काही पालकांना वाटतं. मला तसं वाटत नाही. घरच्या ओसरीवर ‘कशाचं काय’च म्हणावं, तिथं तेच शोभतं. पण मुलाखतीत कुणी ‘युवर प्रोजेक्ट इज गुड’ म्हटल्यावर ‘नो सर, सिंपल’ म्हणून वर्षभराची मेहनत स्वतःच्याच तोंडानं मातीत घालू नये. शेवटच्या तोंडी परीक्षेत मी एकच कौतुक दोनदा करतो, एकदा मराठीत आणि एकदा इंग्रजीत. ज्याला दोन्हीकडची उत्तरं वेळेवर सुचतात, तो पास.