पेशी जगल्या, पण रुग्ण बरा झाला का?

मंडळी, पार्किन्सनमध्ये मध्यमेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात. हात थरथरतो, पाऊल जागच्या जागी अडखळतं. मग साहजिकच कुणालाही सुचेल, की गेलेल्या पेशींच्या जागी नव्या घालाव्यात. स्वीडनमध्ये लुंड इथं १९८७ पासून गर्भाच्या मेंदूतल्या पेशी घालून तसे प्रयोग सुरू झाले, आणि पुढे काही रुग्णांना त्याचा फायदा वर्षानुवर्षं टिकला.

आता आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांची जुनी खोड म्हणा, पण आपण विचारणारच: फायदा पेशींमुळेच झाला, हे कशावरून?

अमेरिकेत यासाठी ४० रुग्णांवर एक चाचणी झाली. निम्म्यांच्या मेंदूत पेशी घातल्या. उरलेल्यांच्या कवटीला भोकं पाडली, पण आत काहीच घातलं नाही. कुणाला काय मिळालं, हे ना रुग्णाला ठाऊक, ना तपासणाऱ्याला. ऐकायला क्रूर वाटतं ना? थोडं आहेच. संमती सगळ्यांची होती. पण इतक्या गांजलेल्या माणसाची संमती कितपत मोकळी असते, हा प्रश्न आपल्याला सोडता येत नाही.

निष्कर्ष आले २००१ मध्ये. मेंदूच्या स्कॅनमध्ये बहुतेकांच्या पेशी जगलेल्या दिसत होत्या. साठीच्या आतल्यांच्या हालचालीही काहीशा सुधारल्या. मात्र वर्षानंतर ‘तुम्हाला कसं वाटतंय?’ या प्रश्नाच्या उत्तरात दोन गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. पुढे काहींना अनावर हालचालींचा त्रास सुरू झाला. गोळी बंद करता येते हो, पेशी परत कशा काढणार?

२००४ मध्ये याच रुग्णांबद्दल आणखी एक गोष्ट पुढे आली. आपल्याला पेशी मिळाल्या असं ज्यांना वाटत होतं, त्यांना जगणं सुधारल्यासारखं वाटत होतं. मग पेशी मिळालेल्या असोत वा नसोत. याला नुसता भ्रमही म्हणता येत नाही. औषध मिळाल्याच्या अपेक्षेनंसुद्धा या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन स्रवतं, हे कॅनडातल्या संशोधकांनी दाखवलेलं आहे. म्हणजे आशा आणि औषध दोघांचा रस्ता एकच!

आता २०२५ मध्ये क्योटोचे निष्कर्ष आले. प्रौढ पेशींना मागे नेऊन घडवलेल्या मूळपेशींपासून तिथं डोपामिनच्या पेशी तयार केल्या आणि सात रुग्णांना दिल्या. गंभीर अपाय झाला नाही, गाठी झाल्या नाहीत. परिणाम तपासलेल्या सहांपैकी चौघांच्या हालचाली, औषधाचा अंमल नसताना, सुधारल्या. सुरक्षिततेच्या दृष्टीनं ही मोठीच मजल. पण तुलनेचा गट तिथं नव्हता. तो हवा असेल, तर पुन्हा कुणाच्या तरी कवटीला रिकामं भोक पाडायचं का? यावर प्रश्नोत्तरांत बोलू.